तार कोणी बांधली

१२ फेब्रुवारी

भिंगरी,

आशीर्वाद वगैरे लिहीत नाही. तू घेणार नाहीस, आणि ते द्यायचा हक्क मला उरलाय की नाही, हेही ठरलेलं नाही.

निकाल तुला कळला असेलच. मी सुटले. ओळखीपाळखीचे 'निर्दोष सुटली' म्हणतात, पण न्यायाधीशांनी तसं म्हटलं नाही. त्यांनी 'संशयाचा फायदा' म्हटलं. बाहेर आल्यावर मी माझ्या वकीलसाहेबांना विचारलं, दोन्हींत फरक काय? ते फाईल काखोटीला मारत म्हणाले, "बाई, दोन्हींत माणूस घरीच जातो." मी घरी आले. आईने भात टाकला होता.

फौजदारी खटल्यात सरकारने सगळं सिद्ध करायचं असतं, आणि तेही असं की शंकेला जागाच राहू नये. आरोपीने काही सिद्ध करायचं नसतं. त्याने तोंड उघडलं नाही तरी चालतं, त्याबद्दल त्याला कुणी जाब विचारू शकत नाही. वकीलसाहेबांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, "गप्प राहायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची." मी मान डोलावली. तेव्हा तुझ्या हाताचं बँडेज अजून निघालेलं नव्हतं.

तुझी साक्ष झाली त्या दिवशी मी तुझ्याकडे पाहिलं नाही. सरकारी वकिलांनी विचारलं, "दांडीला तार कोणी बांधली?" तू म्हणालीस, "आठवत नाही." "बांधताना कुणाला पाहिलं?" "नाही." एवढ्यावर खटला बसला. अशा अपघातात कधीकधी अख्खा दिवस डोक्यातून पुसला जातो असं डॉक्टर म्हणालेच होते.

आई सांगते, मावशी तिथे शेजारणींना 'मशीनने हात खाल्ला' असं सांगत असते. मशीन काही खात नाही. तिला एकदा नीट वाचून दाखव, म्हणून लिहिते. आमच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायला माणसाएवढा लांब वाफेचा रोलर आहे. दोघींनी ओल्या चादरीची दोन टोकं धरून ती आत सरकवायची. रोलरच्या तोंडाशी एक आडवी दांडी असते. हात फार पुढे गेला की तो दांडीला लागतो आणि मशीन जागच्या जागी थांबते. हात वाचवायला तीच एक सोय. पण जाड शिवणीची चादर आली की शिवणही दांडीला लागते, आणि मशीन उगाच थांबते. त्या सकाळी इस्पितळाच्या चारशे चादरी होत्या आणि काम माझ्या देखरेखीखाली चाललं होतं. दांडी तारेने बांधली गेली होती. अकराच्या सुमारास चादरीची घडी उलगडायला तुझा उजवा हात पुढे गेला.

तीन बोटं. बाकी तुला माहीत आहे.

ताई

२ एप्रिल

भिंगरी,

तू दिवाणी दावा लावलास ते कळलं. चांगलं केलंस. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण ती म्हण बहुधा ज्याची दहाही बोटं शाबूत आहेत त्याने केली असावी.

दाव्याची नोटीस कारखान्यात आली तेव्हा मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते चिडले नव्हते. "तुमच्या बहिणीने आपल्यावर दावा लावलाय," असं म्हणाले. 'आपल्यावर' हा शब्द मला खटकला, पण मी बसून राहिले. मला त्यांनी अजून सुपरवायझरच ठेवलंय. सुटलेल्या माणसाला काढलं तर कंपनीनेच त्याला दोषी धरल्यासारखं दिसेल, असा वकिलाचा सल्ला असणार.

मी हल्ली हे कायदे वाचते. ग्रंथालयात एक जाड पुस्तक आहे, त्यातली पानं कुणी कुणी दुमडून ठेवली आहेत. माझ्यासारखेच कोणीतरी. फौजदारी म्हणजे माणसाने समाजाचं वाईट केलं म्हणून समाज त्याला शिक्षा करतो. दिवाणी म्हणजे एकाने दुसऱ्याचं नुकसान केलं आणि ते भरून द्यावं. एकाच घटनेचे हे दोन्ही खटले होऊ शकतात आणि दोन्हींचे निकाल वेगळे लागू शकतात, कारण दिवाणीत शंकेला जागा राहिली तरी चालते. पारडं जरा जरी एका बाजूला झुकलं की झालं. कुणाचं म्हणणं जास्त खरं वाटतं, एवढंच पाहतात.

त्या पुस्तकात एक 'सुज्ञ माणूस' असतो. प्रत्येक खटल्यात तो येतो. ज्याच्यावर दावा आहे त्याच्या जागी सुज्ञ माणूस असता तर त्याने काय केलं असतं, असं कोर्ट विचारतं, आणि त्याच्यापेक्षा कमी काळजी घेतली तर तो निष्काळजीपणा. मी या माणसाचा बराच विचार केला. याला कधी सर्दी होत नाही. याची बस चुकत नाही. याला सकाळी सात वाजता फोन करून 'दुपारपर्यंत चारशे झाल्या पाहिजेत' असं कुणी सांगत नाही. आमच्याकडे कामाला आला असता तर आठवड्यात निघून गेला असता. आईला मी हे सांगितलं तर ती हसली आणि मग म्हणाली, "तुझा बाप होता तसा." तो कुठे होता? पण मेलेल्या नवऱ्यावर आईने उधळलेल्या कौतुकाला मी हरकत घेत नाही.

कंपनीने कोर्टात काय उत्तर दिलंय ते तुझ्या वकीलबाईंनी तुला सांगितलं असेलच. तरी सांगते, म्हणजे मला ते ठाऊक आहे हे तुला कळावं. त्यांचं म्हणणं, दांडी तूच बांधलीस. काम लवकर उरकून घरी जाता यावं म्हणून. म्हणजे जखमी झालेल्याचाच दोष. पूर्ण दोष धरला तर तुला काहीच नाही, अर्धा धरला तर भरपाई अर्धी. फौजदारीत तू 'आठवत नाही' म्हणालीस, त्याचा त्यांना आता उपयोग होतोय. जिला आठवत नाही, ती 'मी बांधली नाही' असं तरी कशावरून म्हणणार?

आई पुढच्या आठवड्यात येते आहे. तिच्याबरोबर डाव्या हाताने वापरायची कात्री पाठवते आहे. अशी कात्री मिळते हे मला माहीत नव्हतं.

ताई

१९ जून

भिंगरी,

काल कंपनीच्या वकिलाने मला बोलावलं. त्यांच्या बाजूची साक्षीदार म्हणून मला उभी करायचं ठरलंय. माणूस सभ्य आहे. पाणी दिलं, पंखा माझ्याकडे वळवला.

म्हणाला, "खोटं बोला असं मी कधीच सांगणार नाही. मला फक्त सांगा, कामगार कधीमधी दांडी बांधत असत की नाही?"

"असत."

"तुम्ही ओरडत होता?"

"ओरडत होते. कधी दुर्लक्षही करत होते."

"पहिलं सांगा. दुसरं विचारलं तर सांगा."

"म्हणजे अर्धं सांगायचं."

"बाई, साक्षीदाराने विचारलं तेवढंच बोलायचं असतं. मी काही नियम केला नाही तो." मग जरा थांबून म्हणाला, "तसं तुमच्याही हिताचं आहे. कामावर असताना कामासाठी नोकराने चूक केली तर ती मालकाच्या माथी बसते. उद्या कुणी म्हणालं की सुपरवायझरने बांधली, तर कंपनी तर गेलीच, पण कंपनी मग सुपरवायझरलाही ठेवून घेत नाही."

त्याला शंका आहे. मला विचारलं नाही, कारण उत्तर ऐकलं तर त्याला मला उभी करता येणार नाही.

आता तुला सांगायचं ते सांगते. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, 'दांडी तारेने बांधली गेली होती.' ते वाक्य लिहायला मला वीस मिनिटं लागली. शाळेत बाई अशा वाक्याखाली लाल रेघ मारायच्या आणि विचारायच्या, कर्ता कुठाय?

तार मी बांधली. सकाळपासून मशीन अकरा वेळा थांबली होती. मालकांचे दोन फोन येऊन गेले होते. हँगरांच्या खोक्यात तार असते, त्यातली हातभर घेतली, दोन वेढे दिले आणि पीळ मारला. पक्कडही लागली नाही. मग चादरी भराभर जायला लागल्या आणि मला बरं वाटलं. एक तास दहा मिनिटं बरं वाटत होतं.

आईला माहीत नाही. तुलाही आत्ताच कळतंय. आणि मी हे आज लिहिते आहे कारण सरकारला माझ्या सुटकेवर अपील करायला जी मुदत होती ती गेल्या महिन्यात संपली, आणि एकाच गुन्ह्यासाठी माणसावर दोनदा खटला चालत नाही. मी वकीलसाहेबांना दोनदा विचारून खात्री केली. तेव्हा धाडस वगैरे समजू नकोस. वाघ पिंजऱ्यात गेल्यावर मी झाडावरून उतरले आहे.

ताई

८ नोव्हेंबर

भिंगरी,

तू कोर्टात होतीस, मागच्या बाकावर, वकीलबाईंच्या पिशवीशेजारी. पण मधल्या पंख्याच्या घरघरीत तिथपर्यंत नीट ऐकू येत नाही, म्हणून काय बोलणं झालं ते लिहून पाठवते.

कंपनीच्या वकिलाने ठरल्याप्रमाणे सुरुवात केली. "कामगार दांडी बांधत असत का?"

"कधीकधी."

"आणि तुमची बहीणही बांधत असे?"

"तिने कधीच बांधली नाही."

इथे त्याने वर पाहिलं. त्याने बसायला हवं होतं. पण घाईत तोंडातून निघून गेलं, "हे तुम्ही खात्रीने कसं सांगता?"

"कारण त्या दिवशी मी बांधली."

मालक पहिल्या रांगेत होते. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि ते चष्मा पुसत राहिले. वकील एकदम परका झाला. "मागच्या खटल्यात हे का लपवलंत?"

"तिथे मी आरोपी होते. आरोपीला गप्प राहता येतं. इथे मी शपथ घेतली आहे."

"बहिणीला पैसे मिळावेत म्हणून आज तुम्ही हे कुभांड रचता आहात!"

"माझी बहीण माझ्याशी दोन वर्षं बोललेली नाही," मी म्हटलं. "विचारा तिला."

मग त्याने तो मार्ग सोडला आणि दुसरा धरला. तो हुशार आहे. "समजा, तुम्ही बांधली. तुमच्या बहिणीने ते पाहिलं होतं? धोका दिसत असताना ती कामाला उभी राहिली?"

मला कळलं तो कुठे चाललाय. डोळ्यांदेखत धोका पत्करला तर भरपाईवर पाणी पडतं. मी सांगितलं, "नाही. ती मागे चादरींच्या गाडीपाशी होती. मी दांडीवर वाकलेले होते, तिच्याकडे माझी पाठ होती, आणि चादरी सुरू झाल्या की तार त्यांच्याखाली झाकली जाते. तिला माहीत असणं शक्य नाही." हे मी मनापासून सांगितलं. त्या दिवशीच्या माझ्या साक्षीत यापेक्षा खात्रीचं दुसरं वाक्य नव्हतं.

शेवटी न्यायाधीशांनी स्वतः विचारलं, "बांधताना कुणाचा हात जाऊ शकेल अशी कल्पना तुम्हाला होती का?" मी म्हटलं, "तसं काही होईल असं वाटलं नाही, साहेब." त्यांनी ते लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी कामावर गेले तर माझ्या कपाटाला नवं कुलूप होतं. मालक दारात आले आणि म्हणाले, "या आता." सव्वीस वर्षांनंतर दोन शब्द. पण त्या दोन शब्दांत ते 'या' म्हणाले, 'जा' म्हणाले नाहीत. जुन्या वळणाचा माणूस.

जिन्यापाशी आपण जे बोललो त्याबद्दल इथे काही लिहीत नाही. पत्र टपालाने येतंय.

ताई

२० जानेवारी

भिंगरी,

हे पत्र आई तुझ्या हातात देईल. वाचून झालं की पहिली पानं फाड. शेवटचं पान फाडायचं की ठेवायचं ते तू ठरव.

निकालाची प्रत मी पाहिली. कंपनीची पूर्ण जबाबदारी, तुझा दोष शून्य. न्यायाधीशांनी लिहिलंय की सुपरवायझरवर कामगारांची काळजी घेण्याचं कर्तव्य होतं, तिने ते मोडलं, त्यामुळेच इजा झाली आणि इजा झालेलीला धोक्याची माहिती नव्हती. चारही गोष्टी एकाखाली एक मांडल्या आहेत. चौथी माझ्या साक्षीवरून घेतली आहे.

आणि ती खोटी आहे. ते आता आपल्या दोघींना माहीत आहे.

तू म्हणालीस ते तुलाच परत सांगण्यात अर्थ नाही, पण लिहिल्याशिवाय माझ्या डोक्यातून जात नाही. कोर्ट सुटल्यावर जिन्यापाशी तू मला गाठलंस. दोन वर्षांनी तुझा आवाज ऐकला तर तो जरा जाड झालाय असं वाटलं.

तू म्हणालीस, "समोर सुकवणीच्या मशीनचं काचेचं दार होतं, ताई. त्यात सगळं दिसत होतं. तू दोन वेढे दिलेस."

"मग पहिल्या खटल्यात 'आठवत नाही' म्हणालीस ते?"

"तो माणूस तुला तुरुंगात घालायला विचारत होता. मी त्याला काय म्हणून सांगू?"

"मला तरी म्हणायचंस."

"तू सांगशील म्हणून थांबले होते. तू गप्प राहिलीस. मग मीही राहिले. मग ते सवयीचंच झालं."

म्हणजे शपथ घेऊन खोटं बोलण्याचा गुन्हा आपल्या दोघींत पहिल्यांदा तू केलास, आणि तो माझ्यासाठी. मी ते हिशेबात कुठेच धरलं नव्हतं. मी कायद्याचं जाड पुस्तक वाचत होते, आणि इकडे तू 'आठवत नाही' या एका वाक्याने स्वतःचाच दावा पोखरत होतीस.

त्या दिवसानंतर निकालाला सात आठवडे होते. माझी साक्ष चुकीची आहे असं कोर्टाला जाऊन सांगता आलं असतं. मी गेले नाही. ते बरोबर केलं की चूक, याचा विचार करायला आता भरपूर वेळ आहे. एका शिंप्याकडे काज-बटणं करते. दुकानात ऊन येतं आणि कुणाला घाई नसते.

पण मी तुला जिन्यावर आणखी एक विचारलं होतं. "दिसलं होतं तर हात का घातलास?" तू असं बघितलंस, जणू मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय. म्हणालीस, "तू बांधली होतीस ना. ताईने बांधली म्हणजे चालत असेल."

तेव्हा वकीलबाईंनी तुला हाक मारली आणि तू गेलीस. मी उत्तर दिलं नाही. ते शेवटच्या पानावर आहे. ते पान मुद्दाम वेगळं काढलंय, त्यात तू काय पाहिलंस आणि कोर्टात काय बोललीस याचा उल्लेख नाही. ते वकीलबाईंना, पोलिसांना, आईला, कुणालाही दाखवलंस तरी तुझ्यावर काही येणार नाही. जे येईल ते माझ्यावर.

ताई

(वेगळं पान)

२० जानेवारी

मी पूर्ण शुद्धीत आणि कुणी न सांगता लिहिते की, मागच्या नोव्हेंबरात न्यायाधीशांनी मला विचारलं, कुणाचा हात जाऊ शकेल अशी कल्पना होती का. मी 'तसं वाटलं नाही' म्हणाले. ते खोटं होतं. माझ्या कृतीला कोर्टाने निष्काळजीपणा म्हटलं आहे. ज्याला धोका कळायला हवा होता पण कळला नाही, त्याच्यासाठी तो शब्द आहे. मला धोका माहीत होता.

अपघाताच्या पाच महिने आधी मशीनच्या मिस्त्रींनी मला दांडीपाशी बोलावून दाखवलं होतं. त्यांचे शब्द असे होते: "सुपरवायझरबाई, ही बांधून चालवलीत तर एक दिवस कुणाचा तरी हात आत जाईल. सांगून ठेवतो." मी त्यांना हो म्हटलं. ते आता हयात नाहीत, त्यामुळे हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही.

त्या सकाळी रोलरच्या तोंडाशी उजव्या बाजूला दुसरी बाई उभी होती. ती चौदा वर्षांची जुनी कामगार. तार बांधायच्या आधी मी तिला घड्या घालायला पाठवलं आणि बांधून झाल्यावर माझ्या धाकट्या बहिणीला तिच्या जागी बोलावलं. याचं कारण मला आजपर्यंत कुणी विचारलेलं नाही. जुन्या बाईने तार पाहिली असती तर कामाला हात लावला नसता, भांडली असती, चारचौघींना गोळा केलं असतं. बहीण काही विचारणार नव्हती. मी केलेलं तिने लहानपणापासून कधी तपासून पाहिलेलं नाही. ते मला माहीत होतं, आणि म्हणूनच मी तिला तिथे उभं केलं.

खाली सही केली आहे.